अब्बांची वही, भाईजानचं डोकं आणि नवं सॉफ्टवेअर

गेल्या वर्षी शाबानच्या शेवटच्या आठवड्यात आमचे भाईजान, म्हणजे माझे मोठे दीर, फजरच्या नमाजसाठी उठले आणि छाती धरून खाली बसले. तासाभरात त्यांना घेऊन गाडी नाशिकच्या रस्त्याला लागली. अल्लाहच्या कृपेने इलाज वेळेवर झाला, दोन स्टेंट बसले, आठव्या दिवशी ते घरी आले. पण त्या आठ दिवसांत मालेगावात मागे राहिलेल्या आम्हा माणसांची जी अवस्था झाली, तिच्यातून हा लेख निघाला आहे.

आमचे ३६ लूम आहेत. सूत विकत घ्यायचे, सायझिंगला पाठवायचे, तयार बीम आणून लूमवर चढवायचे आणि निघालेले कोरे कापड दलालामार्फत विकायचे. कधी ते रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली, बालोतऱ्यालाही जाते. मालेगावात हा धंदा काही नवलाचा नाही. नवल असे की, एवढ्या सगळ्याचा हिशोब एका माणसाच्या डोक्यात होता. दुसऱ्याच दिवशी सूतवाल्याचा फोन आला, मागच्या दोन गाड्यांचे पैसे राहिलेत. सायझिंगवाल्याने विचारले, तुमचे पाच बीम पडून आहेत, कुठे पाठवू? एका दलालाने सांगितले की भाईजानशी भाव ठरला होता, त्याच भावाने कापड उचलतो. ठरला होता का? कोणाला माहीत. गुरुवार आला तसा कामगारांचा पगार आला, कारण आमच्याकडे आठवडा जुम्याला संपतो. कोणाला किती उचल दिली आहे, ते मेहताजींच्या चिठ्ठ्यांत थोडे होते, बाकी भाईजानला तोंडपाठ. माझे पती त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, पंधरा वर्षे याच धंद्यात, पण त्यांना फक्त विक्रीची बाजू ठाऊक. भाभी रडत म्हणाल्या, "उद्या काही बरंवाईट झालं असतं, तर मी इद्दतीत बसले असते आणि दाराशी देणेकरी-घेणेकरी कोण कोणता हेही मला समजलं नसतं."

भाईजान घरी आल्यावर माझ्या पुतण्याने विषय काढला. तो पुण्यात बी.कॉम. करून परतला आहे. म्हणाला, "चाची, आता ईआरपी घेऊयाच. अब्बूंना तुम्ही सांगा, माझं ऐकत नाहीत."

भाईजान न ऐकण्यालाही कारण होते. सहा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाकडून खास लूमवाल्यांसाठी बनवलेले सॉफ्टवेअर आम्ही घेतले होते. वर्षभर चालले. मग वार्षिक फी वरून बोलाचाली झाली, आणि एका सकाळी ते उघडेनाच. आत आमची सगळी बिले. कागदावर काही काढून ठेवलेले नव्हते. तेव्हापासून भाईजान डायरीकडे परतले ते परतलेच. मी शाळेत मुलांना शिकवते, धंद्यात माझा हात कधी नव्हता. पण या वेळी मला बसवले गेले ते वेगळ्या कारणाने. मरहूम अब्बांच्या जुन्या वह्या उर्दूत आहेत, आणि घरात आता सफाईने उर्दू वाचणारी मीच उरले आहे. पुतण्याची पिढी इंग्रजी माध्यमातली. नवा हिशोब सुरू करायचा तर जुनी बाकी कुठून तरी आणायलाच हवी होती.

ईआरपी म्हणजे काय भानगड

एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग असे त्याचे लांबलचक नाव. नाव विसरले तरी चालेल. कल्पना एवढीच की, एक गोष्ट एकदाच लिहायची आणि तिचा परिणाम जिथे जिथे व्हायला हवा तिथे आपोआप व्हावा. सुताच्या दहा गोणी आल्या, अशी नोंद केली की साठा वाढतो, सूतवाल्याचे देणे वाढते, जीएसटीची जमा बाजू लागते आणि कापडाचा भाव काढताना सुताचा हाच दर धरला जातो. वहीत हेच काम चार ठिकाणी चार वेळा लिहून होते, आणि एका ठिकाणी विसरले की महिनाअखेरीस मेहताजी कपाळाला हात लावतात.

बाजारात पर्याय पुष्कळ. टॅली सगळ्यांच्या ओळखीचे. काटेकोर बोलायचे तर ते मुळात हिशोबाचे सॉफ्टवेअर, पण साठा, गोदाम, जॉबवर्क हेही त्यात आहे, आणि लहान धंद्याला तेवढ्यात भागते. बिझी आणि मार्ग ही त्याच जातकुळीतली. मार्ग औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांकडे जास्त दिसते. झोहो बुक्स इंटरनेटवर चालते. मग खऱ्या अर्थाने ईआरपी म्हणावीत अशी ओडू आणि ईआरपीनेक्स्ट. त्याहून वरच्या पायरीवर सॅप बिझनेस वन. आमच्यासारख्यांनी तिकडे नुसते पाहावे.

यांतल्या दोघांच्या जन्माच्या कथा मला फार आवडल्या. श्यामसुंदर गोयंका हे गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवणारे व्यापारी. त्यांत कापड गिरण्याही होत्या. स्वतःच्या हिशोबाला पसंत पडेल असे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयंका यांना, ते बनवायला सांगितले. १९८६ मध्ये त्यातून टॅलीची कंपनी उभी राहिली. ईआरपीनेक्स्टचे ऋषभ मेहता मुंबईचे. त्यांच्या घरचा फर्निचरचा धंदा होता, तिथे बाहेरून आणलेली ईआरपी व्यवस्था फसली, तेव्हा त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. म्हणजे दोन्हींच्या मुळाशी घरचा धंदा आणि न जुळणारा हिशोब! भाईजानना हे सांगितले तेव्हा प्रथमच ते हसले. म्हणाले, "म्हणजे आपण एकटेच नाही."

ओडूचा जन्म २००५ सालचा, बेल्जियममधला. त्याचे दोन अवतार आहेत. कम्युनिटी नावाचा फुकट मिळतो, एंटरप्राइज विकत घ्यावा लागतो, आणि हिशोबाची पूर्ण सोय या विकतच्या अवतारात आहे. हे आधी समजून न घेता 'ओडू फुकट आहे' असे सांगणारे बरेच भेटतात. ईआरपीनेक्स्ट पूर्णच मुक्त परवान्यावर आहे, कोणीही उतरवून घ्यावे. पण फुकट सॉफ्टवेअर आणि फुकट व्यवस्था यांत फरक आहे. ते ठेवायला सर्व्हर लागतो, बसवायला जाणता माणूस लागतो, बिघडले तर हाक मारायला कोणी लागतो. फुकटच्या गाईलाही चारा लागतोच.

एका बीमची परीक्षा

विक्रेते घरी आले की लॅपटॉप उघडतात आणि रंगीत आलेख दाखवतात. त्यांच्या नमुन्यातल्या कंपनीत सगळे छान चाललेले असते. खुर्च्या-टेबले विकली जातात, नफा वर चढत असतो. आम्ही दोघांचे असे कार्यक्रम पाहिले आणि काहीच कळले नाही. मग मला शाळेतली गोष्ट आठवली. मुलाला गणित आले की नाही, हे त्याच्या वहीतले सोडवलेले गणित पाहून समजत नाही, आपण आपले गणित घालावे लागते.

म्हणून आम्ही एक गणित तयार केले. एक आख्खा रविवार भाईजान, माझे पती, मेहताजी आणि मुकादम यांना एकत्र बसवून एका बीमची जीवनकथा फुलस्केप कागदांवर लिहून काढली. सात पाने झाली. ते लिहितानाच अर्धे काम झाले, असे मी आज म्हणेन. कारण तीन ठिकाणी भाईजान एक सांगत होते आणि मेहताजी दुसरेच.

त्या कथेत अडचणी कशा होत्या, पाहा. सूत किलोवर येते. सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. ३० काउंट म्हणजे ३० लडी. सूत जितके बारीक तितका आकडा मोठा, आणि तेवढ्याच वजनात धागा लांब. सायझिंगमध्ये सुताला खळ लागते, त्यामुळे ते परत येते तेव्हा त्याचे वजन वाढलेले असते! नुसता किलोचा हिशोब ठेवणारे सॉफ्टवेअर म्हणेल, तुमचे सूत वाढले, अभिनंदन. पुढे बीमवर मोजमाप मीटरचे. कापड निघते ते ताक्यांत, विकते मीटरवर. विणताना बीमची लांबी आक्रसते, त्यामुळे जेवढ्या मीटरचा बीम तेवढे मीटर कापड कधीच मिळत नाही. त्यात फाटलेले, डागी, तुकडे वेगळे. आणि हे सगळे चालू असताना माल तीन छपरांखाली असतो, सायझिंगमध्ये, आमच्या कारखान्यात आणि रंगाईवाल्याकडे. छप्पर कोणाचेही असो, माल आमचाच.

तेव्हा ज्याला विकायचे असेल त्याने आमचा हा एक बीम त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत आमच्यासमोर चालवून दाखवावा, असे आम्ही सांगितले. कोणत्या दिवशी किती सूत कोणाच्या छपराखाली आहे, ते एका कागदावर दिसले पाहिजे. गुरुवारी पगार, शुक्रवारी सुट्टी, उचल वजा. एवढेच. दोघांनी पुन्हा तोंड दाखवले नाही. एक जण म्हणाला, सगळे होईल, फक्त बदल करून घ्यावे लागतील. या 'बदल करून घेऊ'पासून सावध राहावे, हे मला पुतण्याने शिकवले. तुमच्यासाठी खास शिवलेला सदरा मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तोकडा पडतो, आणि पुन्हा त्याच शिंप्याकडे जावे लागते. शिंपी गाव सोडून गेला असेल तर?

टॅलीत एका मालाला किलो आणि मीटर अशी दोन परिमाणे देता येतात, सायझिंगवाल्याचे स्वतंत्र गोदाम दाखवता येते, जॉबवर्कला गेलेल्या आणि परत आलेल्या मालाच्या वेगळ्या नोंदी आहेत. एका परवान्यात कितीही फर्म ठेवता येतात, आणि आपल्याकडे एका घरात दोन-तीन फर्म असणे नेहमीचेच. मात्र कोणत्या लूमवर कोणता बीम किती उरला, हे त्यात मुळातून नाही. ते पाहिजे तर ईआरपीनेक्स्ट किंवा ओडूसारखे, उत्पादनाचे खाते असलेले काही हवे. पण ते रोज भरायला एक जाणता माणूस लागतो. आमच्या मुकादमांचे शिक्षण चौथी, अक्षर मोत्यासारखे, आणि वय साठ.

कायद्याने आता चालढकल होत नाही

पूर्वी कच्च्या आणि पक्क्या दोन वह्या ठेवणारे होते. तो भाग सोडून देऊ. पण सचोटीने धंदा करणाऱ्यालाही आता वहीवर भागत नाही. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला दिलेले बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून त्याचा ई-इनव्हॉइस क्रमांक घ्यावाच लागतो. सायझिंगला किंवा रंगाईला पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही किंवा तिथून विकला गेला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असे धरून कर मागितला जाऊ शकतो. हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची. म्हणूनच वर सांगितलेले आमचे कुलूप लागलेले सॉफ्टवेअर नुसती गैरसोय नव्हती, तो एक धोका होता.

आणखी एक गोष्ट आपल्या फायद्याची, पण अनेकांना ठाऊक नसलेली. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाने उद्यम नोंदणी केली असेल, तर त्याच्याकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर होऊन वर्षअखेरीस बाकी राहिली, तर तो खर्च त्याला त्या वर्षी प्राप्तिकरात दाखवता येत नाही. २०२३-२४ या वर्षापासून हे लागू झाले. आता दलालाला 'तुमच्याकडून इतक्या दिवसांची बाकी आहे' हे तारखेनिशी दाखवायचे तर डायरी कामाची नाही, बिलवार बाकीचा कागद काढता आला पाहिजे. हे बहुतेक सगळी सॉफ्टवेअर करतात. फक्त पैसे आले की ते कोणत्या बिलाचे, हे लिहिण्याचा कंटाळा करू नये.

आमच्यातले काही म्हणतील, हिशोबाच्या गोष्टी घरगुती मासिकात कशाला? कुरआनमधली सर्वात लांब आयत कोणती, हे ज्यांना माहीत आहे ते असे म्हणणार नाहीत. सूरह बकरहची ती २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. मुदत, लिहिणारा, साक्षीदार, सगळे तपशील तिच्यात आहेत. आपण ती तिलावतीत वाचतो आणि भावाशी व्यवहार मात्र तोंडी करतो.

जकातीचेही तसेच. भाईजान दर रमजानला अंदाजाने, आणि नेहमी सढळ हाताने जकात काढत. पण अंदाज तो अंदाज. लूम, इमारत यांवर जकात नाही, सूत आणि कापडावर आहे, हातातल्या रोकडीवर आहे, आणि ज्या येण्याची आशा आहे त्यावर आहे. तर मग रमजानच्या पहिल्या तारखेला सायझिंगमध्ये असलेले सूत किती, रंगाईला गेलेले कापड किती? सॉफ्टवेअरचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, जकातीचे वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे, दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकणारे. म्हणून विक्रेत्याला विचारायचा एक प्रश्न असा की, मधल्या कोणत्याही तारखेचा साठा आणि बाकी मिळेल का? मिळते, बहुतेक सगळ्यांत, पण नोंदी त्या तारखेपर्यंत पूर्ण असतील तरच. दुसरी अडचण भावाची. सॉफ्टवेअर साठ्याची किंमत खरेदीच्या दराने धरते, जकातीसाठी त्या दिवसाचा बाजारभाव धरला जातो. तेवढी एक पट्टी हाताने बदलावी लागते. बारकावे आपापल्या उलेमांना विचारावेत, पण विचारायला जाताना हातात आकडे असावेत.

व्याजाचीही सोय या सॉफ्टवेअरमध्ये असते. उशीर झालेल्या बिलावर ते स्वतःहून व्याज काढून देतात. आम्ही ती बंद ठेवली. बँकेच्या खात्यात जमा होणाऱ्या व्याजाला मात्र वेगळे खाते उघडले, म्हणजे ती रक्कम आपल्या कमाईत मिसळत नाही आणि किती काढून द्यायची ते नेमके दिसते. दहा मिनिटांचे काम. इतकी वर्षे का सुचले नाही?

'भांडवल कोणाचे?'

इथपर्यंत सगळे सुरळीत होते. सॉफ्टवेअर सुरू करताना पहिल्या दिवशीच्या बाक्या भराव्या लागतात. माल इतका, येणे इतके, देणे इतके. आणि या सगळ्याच्या समोर, दुसऱ्या बाजूला, भांडवल. पुतण्याने की-बोर्डवर हात ठेवून विचारले, "अब्बू, भांडवल कोणाच्या नावाने टाकू?"

भाईजान म्हणाले, "माझ्या. जीएसटी माझ्याच नावावर आहे ना."

खरेच होते. अब्बांचा इंतकाल झाल्यावर नोंदणी भाईजानच्या नावाने झाली, एकट्याच्या मालकीचा धंदा म्हणून. आपल्याकडे हिंदू अविभक्त कुटुंबासारखी करातली सोय नाही, त्यामुळे एक तर एकाची मालकी, नाही तर भागीदारी. कोणाच्या मनात पाप नव्हते. सोयीचे म्हणून झाले. पण नऊ वर्षे झाली होती. अम्मी हयात आहेत, दोन मुलगे, दोन मुली. मोठी आपा धुळ्याला, धाकटी भिवंडीला. दोघींना ईदीला, लग्नकार्याला भरभरून दिले जाते. त्यांचा हिस्सा मात्र कुठेच लिहिलेला नव्हता.

मी बोलावे की नाही, हा प्रश्न होता. मी सून, तेही धाकटी, आणि माझ्या पतीचा हिस्साही त्यातच. माझ्या मांडीवर अब्बांची शेवटची वही उघडी होती. मी फक्त एवढे म्हणाले, "भाईजान, यात अब्बांनी २४ लूम लिहिलेत. आणि शेवटच्या पानावर अम्मींच्या महरची बाकी आहे."

खोलीत कोणी बोलेना. पुतण्याने की-बोर्डवरून हात उचलले. भाईजानने वही मागून घेतली. उर्दू त्यांना अडखळत का होईना, वाचता येते. ते एक पान त्यांनी खूप वेळ वाचले. मग उठून गेले.

दोन दिवस त्यांनी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी इशानंतर मौलानांना आणि आमच्या सीएंना एकत्र घरी बोलावले. अब्बांच्या मालमत्तेतून आधी कर्ज फेडायचे, आणि न दिलेली महर हेसुद्धा कर्जच. अम्मी म्हणाल्या, "मी ती केव्हाच माफ केलीये." भाईजान म्हणाले, "माफ करा, पण आधी लिहू तर द्या." उरलेल्याचे ४८ भाग केले की गणित पूर्णांकात बसते. ६ अम्मीचे, १४-१४ दोन्ही भावांचे, ७-७ दोन्ही बहिणींचे. हे सोपे. अवघड ते पुढचे. नंतरचे १२ लूम भावांनी स्वतःच्या मेहनतीने आणि कर्जाने घेतले, ते कोणाचे? नऊ वर्षांच्या नफ्यात बहिणींचे किती आणि राबणाऱ्यांची मजुरी किती? यावर चार बैठका झाल्या. आपा दोन्ही आल्या होत्या. मोठी आपा एका बैठकीत रागाने उठून गेली आणि परत आली. तो तपशील घरचा आहे, तो इथे लिहीत नाही. शेवटी एक भागीदारीपत्र झाले, आणि अम्मी व आपांच्या हिश्श्याची स्वतंत्र पानांवर सह्यांसकट नोंद.

सॉफ्टवेअर कोणते घेतले, हे विचाराल तर उत्तर साधे आहे. हिशोब, बिले, साठा आणि छपरे टॅलीत. लूमवरच्या बीमचे रजिस्टर मुकादमांच्या मोत्यासारख्या अक्षरात कागदावर, आणि मेहताजी रोज संध्याकाळी त्यातला तयार ताक्यांचा आकडा तेवढा कॉम्प्युटरवर चढवतात. पुतण्याला हे पसंत नाही. त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर ईआरपीनेक्स्ट उतरवून आमचे सहा लूम प्रयोगाला घातले आहेत. आपल्याकडे कोणी सूतविक्री, स्वतःचे सायझिंग, लूम आणि पुढे तयार कपड्यांची शिलाई असे चार धंदे एकत्र चालवत असेल, तर त्याने पुतण्याचे ऐकावे. ३६ लूमला माझ्या मते अजून घाई नाही. दोन वर्षांनी बोलू, असे भाईजान म्हणाले आहेत.

काही पथ्ये ठरवली. दर जुम्याला बॅकअप, एक पेनड्राइव्हवर, एक माझ्या कपाटात, एक इंटरनेटवर. दर तिमाहीला सगळ्या बाक्यांचा कागद छापून फाइलमध्ये, म्हणजे उद्या कॉम्प्युटर उघडला नाही तरी हिशोब उघडेल. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. आणि एखादी नोंद बदलली तर कोणी, कधी बदलली, हे राहावे म्हणून ती बदलांची नोंदवही चालू ठेवली आहे. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून ते बंधनकारक आहे, आमच्यासारख्या भागीदारीला नाही. तरी ठेवली. सुरुवातीला भाईजानना ते खटकले, "म्हणजे माझ्यावरही नजर?" भाभी म्हणाल्या, "नजर नाही, साक्षीदार."

पहिले तीन महिने वही आणि कॉम्प्युटर दोन्ही बरोबर चालवले. दुप्पट काम, रोजची कुरकुर. पहिल्या महिन्यात दोन्हींत सव्वा लाखाचा फरक निघाला. तो शोधता शोधता मेहताजींना सायझिंगमध्ये विसरलेले दोन बीम सापडले. दुसऱ्या महिन्यात फरक चार हजारांवर आला. तिसऱ्या महिन्यात शून्य नाही, पण तीनशेचा. तेव्हा भाईजानने डायरी बंद केली. खिशात मात्र अजून असते.

भाभी आता गुरुवारी मेहताजींच्या शेजारी बसून पगाराची पाने छापतात. त्यांना की-बोर्ड येत नव्हता, पुतण्याने शिकवला. परवा भिवंडीच्या आपाचा फोन आला होता. तिने तिच्या खात्याचे पान व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले, आणि एका आकड्याबद्दल भाईजानला शंका विचारली. भाईजानने फोन भाभींच्या हातात दिला.